हजार-दोन हजारांतला इअरफोन घेताय? आधी खोक्यातली रबरं बघा, आणि या चुका टाळा

मागच्या रविवारी भाचा घरी आला तो तोंड पाडूनच. वर्षभरातला तिसरा इअरफोन आणि पुन्हा तीच रड. "मामा, ह्याला बासच नाही. निव्वळ डबा आहे."

मी कानात घालून बघितला, मला तर दणकत होता. म्हटलं, आता तू घाल, आणि बोटानं जरा आत दाब. त्याच्या फोनवर हलगीचं रेकॉर्डिंग चालू होतं. दाबल्याबरोबर त्याचे डोळे मोठे झाले. "आयला, घुमकं आलं की!" बोट सोडलं, घुमकं गेलं, नुसती हलगीची कडकड उरली. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं.

"सोबत आलेली बाकीची रबरं कुठायत?"

"कुठली रबरं?"

"खोक्यात छोटी पुडी असते ती."

"खोकं दुकानातच टाकलं मी."

त्याचं सोडा, मीही पहिली चार-पाच वर्षं ती पुडी अशीच फेकत होतो. स्वस्त इअरफोनला आपण ज्या शिव्या घालतो, त्यातल्या निम्म्या तरी त्या रबराच्या वाट्याच्या असतात.

रबर बसलं नाही, तर काहीच बसलं नाही

डग्गा, घुमकं, बास गिटार यांचे खालचे सूर, म्हणजेच बास, कानाची नळी नीट बंद झाली तरच पूर्ण ऐकू येतात. रबर आणि कान यांच्यात बारीकशी फट राहिली की हे सूर तिथून निसटतात आणि वरचा किणकिणाट तेवढा मागे उरतो. मग आपण म्हणतो, आवाज पत्र्यासारखा आहे. खोक्यात साधारणपणे लहान, मधलं, मोठं असे तीन जोड येतात. त्यातलं मधलं इअरफोनवर चढवलेलं असतं, आणि आपण तेच आपलं माप समजून चालतो. चप्पल घेताना आपण असं करत नाही. कोल्हापुरीतली कापशी असो नाहीतर पुडा, पायात घालून चार पावलं चालून बघतोच की.

तपासायची सोपी रीत म्हणजे दोन्ही बाजू कानात घालायच्या, गाणं लावायचं नाही आणि स्वतःशीच दोन वाक्यं बोलायची. माठात तोंड घालून बोलल्यासारखा स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर रबर बसलं. नेहमीसारखाच वाटला तर फट आहे, दुसरं माप लावा. घालायचीही एक पद्धत आहे. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग हलकेच वर आणि मागे ओढायचा. नळी थोडी सरळ होते आणि रबर आत सरकतं. मग कान सोडायचा.

दोन्ही कान सारखे नसतात, हेही लक्षात ठेवा. माझ्या डाव्या कानाला मधलं लागतं, उजव्याला मोठं. ते दिसायला विजोड दिसतं खरं, पण कानात कोण डोकावून बघतंय? पुडी हरवली असेल तर सुटी रबरं मिळतात, फक्त घ्यायला जाताना इअरफोन सोबत न्या. ज्या नळीवर रबर चढतं तिची जाडी प्रत्येकाची वेगळी असते, आणि सैल रबर कानातच राहून जाण्याचा ताप नको. फोमच्या टिपा बोटात चुरून घालायच्या, त्या आत गेल्यावर फुगतात आणि बाहेरचा आवाज बराच अडवतात, पण सिलिकॉनपेक्षा लवकर झिजतात.

काही इअरफोन कानात दाबताना कागद चुरगळल्यासारखा 'टक' आवाज येतो. त्याला बिघाड समजून परत करू नका. कोंडलेल्या हवेच्या दाबानं आतला पडदा क्षणभर वाकतो, एवढंच.

खोक्यावरचं वाचून भुलायचं नाही

'२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ' हे जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतं. माणसाच्या कानाची ढोबळ मर्यादाच तेवढी आहे. त्या मर्यादेत कुठला सूर किती जोरात वाजतो यावर सगळा खेळ असतो, आणि ते खोकं सांगत नाही. ड्रायव्हरच्या, म्हणजे आतल्या इवल्याशा स्पीकरच्या, आकाराचंही तसंच. '१४ एमएम' वाचून १० एमएमवाला हलका ठरवू नका. मोठी कढई म्हणजे चांगला तांबडा रस्सा, असं थोडंच असतं! ओमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, आकडा मात्र बघा: १६ किंवा ३२ असेल तर कुठलाही फोन तो आरामात वाजवतो.

सगळ्यात मोठी फसगत दोन सारख्या दिसणाऱ्या शब्दांत आहे, एएनसी आणि ईएनसी. मी स्वतः यात आपटलोय. कंपनीच्या बसनं रोज गोकुळ शिरगावला जातो, इंजिनाची घरघर नको म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरात 'नॉईज कॅन्सलेशन' बघून बड्स घेतले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये घातले, इंजिन जिथल्या तिथे. संध्याकाळी खोकं उलटं करून बघितलं तर खाली बारीक अक्षरात ईएनसी. ईएनसी काम करतं ते माईकवर. आपण फोनवर बोलत असताना आपल्या आजूबाजूचा गोंगाट समोरच्याला कमी ऐकू जातो. आपल्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. आपल्या कानासाठी असतं ते एएनसी. ते बाहेरचा आवाज माईकनं टिपून त्याच्या उलट्या लहरी कानात सोडतं. इंजिन, पंखा अशा एकसुरी घरघरीवर ते चांगलं चालतं. शेजारच्या सीटवरच्या गप्पांवर फारसं नाही. मी मात्र आता साध्या वायरच्या इअरफोनला बरोबर मापाचं रबर लावून जातो, आणि माझं भागतं.

वायर की ब्लूटूथ

माझं मत सरळ आहे: फक्त गाणी ऐकायची असतील आणि बजेट हजार-दोन हजार असेल, तर वायर. तेवढ्याच पैशात ब्लूटूथवाल्याला बॅटरी, चिप, माईक, चार्जिंगची डबी हे सगळं बसवायचं असतं. आवाजाला काय उरणार? शिवाय त्या इवल्याशा बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत मलूल होतात आणि बदलून मिळणं अवघड. पळायला, जिमला किंवा रंकाळ्याला फेऱ्या मारायला बड्स किंवा नेकबँड सोयीचा, हे मान्य. तेव्हा खोक्यावर आयपीएक्स४ तरी असू द्या. ते घाम आणि पावसाचे शिंतोडे झेलतं, आपल्याकडच्या जुलैतला धो धो पाऊस नाही. एलडीएसी वगैरे कोडेकसाठी (ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायची पद्धत) जादा पैसे मोजण्याआधी आपला फोन तो कोडेक देतो का ते बघा. फोन आणि इअरफोन यांपैकी एकाकडेही तो नसेल तर जोडणी साध्या एसबीसी किंवा एएसीवरच होते. आणि ब्लूटूथवर कॉल चालू झाला की आवाज एकदम चेपल्यासारखा होतो. माईकसाठी जोडणी वेगळ्या पद्धतीनं चालते म्हणून तसं होतं. बड्स खराब झालेत असं समजू नका.

वायर घेताना फोनला ३.५ एमएमची पिन बसायची जागा आहे का, हे आधी बघा. विनोद नाही, घरी जाऊन डोक्याला हात लावणारे मी पाहिलेत. जागा नसेल तर टाइप-सी इअरफोन किंवा टाइप-सीचं कनेक्टर लागतं. या कनेक्टरमध्ये दोन जाती आहेत: एकात आवाज तयार करणारी चिप असते, दुसऱ्यात नुसत्या तारा. तारांवाला काही फोनवर चालतो आणि बऱ्याच फोनवर मुका राहतो. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून दुकानात आपल्याच फोनला लावून वाजवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. माईक हवा असेल तर पिनवरच्या रेघा मोजा. तीन असतील तर माईकची सोय आहे, दोन असतील तर नाही.

शक्य असेल तर वायर सुटी होणारा इअरफोन घ्या. मूनड्रॉपचा चू २, केझेडची बरीच मॉडेल्स यांची वायर काढता येते. इअरफोन मरतो तो बहुतेक वेळा वायर तुटूनच, पिनपाशी नाहीतर कानापाशी. वायर सुटी असेल तर फक्त तीच बदलायची. आणि फोनभोवती करकचून गुंडाळून खिशात कोंबायची सवय सोडा. वायर शर्टाला घासून कानात खरखर येत असेल तर ती कानावरून मागे घेऊन घाला, खरखर बरीच कमी होते.

दुकानात उभं राहून काय ऐकायचं

महाद्वार रोडच्या गर्दीत कुठल्याही इअरफोनचा बास कमीच वाटणार. रस्त्याचा गोंगाट नेमका खालचे सूर झाकतो. जरा आतल्या बाजूला उभे राहा. गाणी आपल्या फोनमधली, आधी डाउनलोड केलेली लावा, आणि डाउनलोड करताना ॲपमध्ये आवाजाचा दर्जा कमी ठेवलेला नाही ना ते बघा. नाहीतर दोष गाण्याच्या फाइलचा आणि शिव्या इअरफोनला. दोन इअरफोन तोलताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जो जरा मोठ्यानं वाजतो तो आपल्याला चांगला वाटतो, आणि विकणाऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं.

मी तीन गोष्टी लावतो. एक हलगी-घुमकं: दोन्ही वेगवेगळे कळले पाहिजेत, घुमक्यानं हलगी गिळता कामा नये. दुसरा तानपुरा: तारा सुट्या ऐकू आल्या पाहिजेत. आणि तिसरं, केसरबाई केरकरांचं जुन्या तबकडीवरचं गाणं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारातल्या अल्लादियाखाँसाहेबांच्या त्या शिष्या, त्यामुळे आपल्या गावाचं थोडं प्रेमही त्यात आलं. पण खरं कारण वेगळं आहे. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात खालचे सूर फार नाहीत, तबकडीची सरसर मात्र भरपूर. स्वस्त इअरफोनमध्ये ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, उगाच चढवलेला असेल तर ती सरसर सुईसारखी टोचते आणि बाई मागे राहतात. असा इअरफोन मी ठेवून देतो.

"पन्नास तास वाजवा, मग मोकळा होतो," असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. बहुतेक वेळा आपला कानच त्या आवाजाला सरावतो, आणि तोवर परत करायचे दिवस निघून जातात. ऑनलाइन घेत असाल तर परतीची अट आधी वाचा. कानात घालायची वस्तू म्हणून काही ठिकाणी फक्त बदलून देतात, पैसे देत नाहीत. नामांकित कंपनीचं नाव आणि चौथाई किंमत असा 'फर्स्ट कॉपी' माल तर नकोच.

एक बाजू बंद पडली, तर फेकायच्या आधी

पहिल्यांदा डावी बाजू उजव्या कानात आणि उजवी डाव्यात घाला. बारीक आवाज त्याच कानात राहिला तर दोष कानाचा, मळ असू शकतो, डॉक्टरकडे जा. आवाजाचं दुखणं इअरफोनबरोबर सरकलं तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डावा-उजवा बॅलन्स मधोमध आहे का बघा; पोरांच्या हातात फोन गेला की तो सरकतो. मग रबर काढून जाळी उजेडात धरा. पिवळसर पापुद्रा दिसला तर तोच चोर. जाळी खाली तोंड करून कोरड्या, मऊ टूथब्रशनं हलकेच झाडा, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. सुई नको, पाणी नको. रबर मात्र साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवून चढवा.

गाण्यातला वाद्यमेळ ऐकू येतो पण गायक विहिरीत पडल्यासारखा गायब, असा प्रकार झाला तर पिन पूर्ण आत गेलेली नसते. जमिनीची म्हणजे अर्थिंगची जोडणी सुटली की दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज कटतो, आणि गायक बहुतेक वेळा नेमका दोन्ही बाजूंना सारखाच असतो. फोनचं जाड कव्हर काढून पिन दाबा. तरीही नाही जमलं तर जॅकच्या भोकात खिशातला कापूस साचला असेल. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं अलगद काढा.

बड्सपैकी एकच चार्ज होत असेल तर डबीतले आणि बड्सवरचे सोनेरी ठिपके कोरड्या कापडानं पुसा, घामाचा थर बसतो तिथे. मग फोनमधून जोडणी 'फरगेट' करा, माहितीपत्रकातल्या रीतीनं दोन्ही रीसेट करून नव्यानं जोडा.

आवाजाची पातळी तेवढी सांभाळा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबलची मर्यादा सांगते. बसच्या आवाजावर मात करायला आपण व्हॉल्यूम चढवत जातो आणि पत्ता लागत नाही. कावळा नाक्यासारख्या ठिकाणी रस्ता ओलांडताना तर दोन्ही काढाच.

भाच्याला माझ्या डब्यातलं मोठ्या मापाचं रबर दिलं. खूश झाला. संध्याकाळी त्याचे आधीचे दोन 'मेलेले' इअरफोन मागवून घेतले. एकाची वायर पिनपाशी खरोखरच तुटली होती. दुसऱ्याची जाळी ब्रशनं झाडली, दोन्ही बाजू ठणठणीत. तो त्यानं आता परत मागितलाय. मी अजून दिलेला नाही, बसमध्ये माझ्याच कानात असतो.