स्वीट कॉर्नला शेणखत आणि रासायनिक खत दोन्हीची जोड कशी द्यायची

मका मुळातच खादाड, त्यात स्वीट कॉर्न अडीच महिन्यात तोडणीला येतं, त्यामुळे नुसत्या शेणखतावर भागत नाही, त्यातलं नत्र हळूहळू सुटतं आणि बरंचसं पुढच्या पिकाला मिळतं. आणि नुसता युरिया टाकला तर हलक्या रानात एका मोठ्या पावसात निम्मं खाली निघून जातं, मग म्हणायचं खत लागलंच नाही. दोन्ही द्या, फक्त वेळ सांभाळा.

शेणखत एकरी 4-5 टन, शेवटच्या वखरपाळीच्या आधी पसरून मातीत मिसळून टाका. पण पूर्ण कुजलेलं हवं!! काळपट, भुसभुशीत, मातीसारखा वास येणारं. कच्चं टाकलं की हुमणी, वाळवी, तण सगळं फुकट येतं, वर काडीकचरा कुजवायला जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढतात आणि नेमकं रोप वाढायच्या वेळी पिवळं पडतं, मग लोक घाबरून युरिया वाढवत सुटतात. झिंक सल्फेट एकरी 8 किलो याच शेणखतात कालवून द्या, डीएपीत (नत्र आणि स्फुरद असलेलं रासायनिक खत) मिसळू नका, स्फुरदासोबत जस्त अडकून बसतं.

आता रासायनिक. मक्याला हेक्टरी 120:60:40 किलो नत्र-स्फुरद-पालाश धरतात, म्हणजे एकराला साधारण डीएपी 1 गोणी, पोटॅश अर्धी गोणी आणि युरिया 45 किलोच्या 2 गोण्या. डीएपी आणि पोटॅश सगळं पेरतानाच, सोबत युरिया फक्त 15 किलो, आणि खत बियाण्याला चिकटू देऊ नका, दोन-तीन बोटं बाजूला आणि खाली पडलं पाहिजे नाहीतर उगवण मार खाते. उरलेल्या युरियाचे दोन भाग करा, पहिला 20-25 दिवसांनी खुरपणी झाल्यावर, दुसरा 40 दिवसांच्या आसपास तुरा बाहेर यायच्या आधी. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब चांगला आला असेल तर हा वरचा युरिया पाव भागाने कमी केला तरी चालतो, त्याहून जास्त कमी मी तरी करणार नाही.

युरिया ओळीच्या बाजूने टाका, वरून फेकू नका, पोंग्यात (मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत) दाणे पडले की पानं करपतात. टाकला की लगेच मातीची भर लावा आणि हलकं पाणी द्या, उघड्यावर पडून राहिला तर हवेत उडून जातो. "अजून एक गोणी टाकू, कणसं मोठी होतील" हा मोह टाळा, जास्त नत्राने ताट लुसलुशीत होतं आणि वाऱ्यात आडवं पडतं.

तुरा पडल्यावर युरिया अजिबात नको. कणसं तोडल्यावर ती हिरवी ताटं आपण जनावरांना घालतो, आणि उशिरा भरमसाट नत्र दिलेलं असेल व वर पाण्याचा ताण पडला असेल तर ताटाच्या बुडख्यात नायट्रेट साठतं, गाई-म्हशींना त्याची विषबाधा होऊ शकते. शंका वाटली तर बुडाकडचा वीतभर भाग रानातच सोडा, वरचाच कापून घाला.