धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाट कशी मिळवावी

घरातील कोणाला हृदयविकार, कर्करोग किंवा मेंदूतील रक्तस्राव यांसारखा आजार झाला आणि रुग्णालयाने काही लाखांचे एस्टिमेट हातात ठेवले, की सामान्य कुटुंबातील माणसे प्रथम ओळखीच्या नगरसेवकाकडे धावतात, नंतर एखाद्या नटाला किंवा उद्योगपतीला समाजमाध्यमावरून साकडे घालतात आणि शेवटी इंटरनेटवर वर्गणी मागणारे पान उघडतात. या मार्गांनी कधी कधी पैसे मिळतातही, परंतु ते देणाऱ्याच्या मर्जीवर आणि कहाणी किती लोकांपर्यंत पोहोचली यावर अवलंबून असतात. याउलट महाराष्ट्रात कायद्याने दिलेला एक मार्ग आहे. त्यासाठी कोणा प्रसिद्ध माणसाची कृपा लागत नाही. कागद मात्र लागतात आणि ते योग्य वेळी योग्य टेबलावर द्यावे लागतात.

हा मार्ग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 या कायद्याच्या कलम 41 कक मध्ये आहे. जी रुग्णालये सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदलेली आहेत आणि ज्यांनी शासनाकडून सवलती किंवा साहाय्य घेतलेले आहे, त्यांनी आपल्या एकूण खाटांपैकी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी 10 टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवल्या पाहिजेत, असे हे कलम सांगते. तीनशे खाटांच्या रुग्णालयात हा हिशेब तीस अधिक तीस असा होतो. अनेक वर्षे ही तरतूद बहुतांशी कागदावरच होती. अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये एका जनहित याचिकेत सविस्तर योजना मंजूर केली आणि आज जे नियम लागू आहेत, ते मुख्यतः त्याच योजनेतून आलेले आहेत.

आपण काय मागत आहोत

अर्ज करण्यापूर्वी या योजनेमागील व्यवहार समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण काउंटरवर बोलताना मान खाली जाते ती बहुधा आपण दान मागतो आहोत या समजुतीमुळे. मुंबईत श्रीमंतांच्या देणगीतून रुग्णालय उभे राहण्याची परंपरा जुनी आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय 1845 मध्ये सुरू झाले आणि ते आज शासनाचे आहे. पुढच्या काळातील बिर्ला, हिंदुजा, मेहता आणि अंबानी या घराण्यांशी जोडलेली रुग्णालये मात्र न्यासांच्या ताब्यात राहिली. धर्मादाय न्यास असल्यामुळे त्यांच्या उत्पन्नावर आयकरात सूट मिळते, देणगीदारांनाही करसवलत मिळते आणि अनेकांना जमीन किंवा वाढीव चटईक्षेत्र सवलतीने मिळालेले आहे. सार्वजनिक तिजोरीने जो महसूल सोडला, त्याची परतफेड या राखीव खाटांच्या रूपाने व्हायची असते. म्हणून अर्जात ‘कृपया मदत करावी’ असे न लिहिता ‘योजनेनुसार उपचार मिळावेत’ असे लिहावे. भिंतीवर नाव कोणाचेही असो, त्या खाटेचा खर्च काही अंशी आपण सर्वांनी आधीच भरलेला आहे.

पैसा प्रत्यक्षात कोठून येतो, हेही माहीत असावे. प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाला निर्धन रुग्ण निधी ठेवावा लागतो. रुग्णालयांत त्याला सगळे ‘आयपीएफ’ म्हणतात. निर्धन आणि दुर्बल घटकांतील रुग्ण सोडून इतर सर्व रुग्णांच्या एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम या निधीत जमा करायची असते. एखाद्या धनाढ्य रुग्णाचे बिल 10 लाख रुपये झाले, तर त्यातून 20 हजार रुपये या खात्यात आले पाहिजेत. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावरील आलिशान खोली आणि खालचा जनरल वॉर्ड यांच्यात एवढाच काय तो आर्थिक दुवा आहे. तो बारीक असला तरी मोजता येण्यासारखा आहे.

पात्रता आणि कागद

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजार रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन गटात येतो आणि 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटकात. महिन्याच्या भाषेत सांगायचे तर पहिली मर्यादा 15 हजार आणि दुसरी 30 हजार रुपयांची आहे. दुसरी मर्यादा लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण सुरक्षारक्षक, दुकानातील नोकर, रिक्षाचालक, लहान कारखान्यातील कामगार अशी कितीतरी घरे तिच्यात बसतात आणि ‘आपण काही अगदी गरीब नाही’ असे म्हणून अर्जच करत नाहीत.

उत्पन्नाचा पुरावा म्हणून तहसीलदारांचा दाखला सर्वांत भक्कम ठरतो. तो ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा जवळच्या सेतू अथवा महा ई-सेवा केंद्रातून मिळतो. त्यासाठी ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, शिधापत्रिका, स्वयंघोषणापत्र आणि नोकरी असल्यास पगाराचा पुरावा जोडावा लागतो. गावी तलाठ्याचा अहवालही लागतो. दाखला मिळण्यास काही दिवस जातात, म्हणून घरात दीर्घकाळचा आजारी माणूस असेल तर गरज पडण्यापूर्वीच तो काढून ठेवणे शहाणपणाचे. दाखला नसेल तर शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचे कार्ड चालते. पिवळी शिधापत्रिका असल्यास फारसा प्रश्न येत नाही. केशरी शिधापत्रिका असलेल्यांकडे मात्र रुग्णालये बहुधा दाखलाही मागतात, तेव्हा वाद घालत बसण्यापेक्षा दाखल्यासाठी लगेच अर्ज करून त्याची पोचपावती तोपर्यंत दाखवावी.

या कागदांसोबत रुग्णाचे आधार कार्ड, डॉक्टरांनी लिहून दिलेला उपचाराचा सल्ला, तपासण्यांचे अहवाल आणि खर्चाचे एस्टिमेट यांच्या प्रत्येकी तीन प्रती काढून एका फाइलमध्ये ठेवाव्यात.

रुग्णालय निवडताना

आपण जेथे जात आहोत ते रुग्णालय या योजनेखाली येते की नाही, हे आधी पाहावे. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत. मुंबईत जसलोक, लीलावती, हिंदुजा, बॉम्बे हॉस्पिटल, ब्रीच कँडी, सर एच. एन. रिलायन्स आणि कोकिलाबेन धीरूभाई अंबानी, तर पुण्यात रुबी हॉल, जहांगीर आणि दीनानाथ मंगेशकर ही ठळक नावे आहेत. नावावरून अंदाज बांधू नये. परळचे केईएम महापालिकेचे आहे, तर पुण्याच्या रास्ता पेठेतील केईएम न्यासाचे. कंपनी म्हणून चालवलेल्या रुग्णालयांना हे कलम लागू होत नाही. सार्वजनिक न्यासांवर देखरेख करणाऱ्या धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर रुग्णालयांची यादी असते आणि राखीव खाटांपैकी किती रिकाम्या आहेत, याची माहितीही तेथे मिळते. जाण्यापूर्वी त्या पानाचे तारखेसह छायाचित्र मोबाइलवर घेऊन ठेवावे, त्याचा उपयोग पुढे होतो.

मोठ्या नावाच्या मागे न लागता, आवश्यक उपचार जेथे होतात अशा दोन-तीन मध्यम आकाराच्या न्यास रुग्णालयांतही चौकशी करावी, असे माझे मत आहे. नामांकित ठिकाणी राखीव खाटांसाठी गर्दी असते आणि तीच शस्त्रक्रिया शेजारच्या उपनगरातील रुग्णालयात तितकीच चांगली होत असते.

कोणाला भेटावे आणि केव्हा

रिसेप्शन किंवा बिलिंग काउंटरवर या विषयाची चर्चा करू नये. तेथील माणसाला ना अधिकार असतो ना बहुतेकदा माहिती. योजनेनुसार रुग्णाची आर्थिक स्थिती पडताळण्याचे काम वैद्यकीय समाजसेवकाचे असते, म्हणून ‘एमएसडब्ल्यू कोठे बसतात’ असे विचारून थेट त्यांच्याकडे जावे.

वेळेचे महत्त्व येथे कागदांइतकेच आहे. अर्ज दाखल होतानाच करावा. पुष्कळ नातेवाईक आधी डिपॉझिट भरतात, रुग्णाला सेमी-प्रायव्हेट खोलीत ठेवतात आणि डिस्चार्जच्या दिवशी बिल पाहून सवलत मागायला जातात. तोपर्यंत बिल वरच्या वर्गाच्या दराने लागलेले असते आणि ते मागे फिरवणे फार कठीण जाते. योजनेचा लाभ जनरल वॉर्डातील राखीव खाटेवर मिळतो, हे ध्यानात ठेवून पहिल्या दिवसापासून तीच मागावी.

अर्ज साधा आणि लेखी असावा. त्याचा मजकूर असा लिहिता येईल: “माझे वडील, वय 62, यांना आपल्या डॉक्टरांनी अमुक शस्त्रक्रिया सुचवली आहे. आमच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अमुक रुपये असून तहसीलदारांचा दाखला सोबत जोडला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 कक आणि मा. उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना निर्धन (किंवा दुर्बल घटक) रुग्णांसाठी राखीव असलेली खाट देण्यात यावी. खाट उपलब्ध नसल्यास तसे लेखी कळवावे.” शेवटचे वाक्य गाळू नये. दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ आणि स्वाक्षरी असलेली पोच घ्यावी. पोच देण्यास नकार मिळाला, तर तोच अर्ज रुग्णालयाच्या अधिकृत ई-मेलवर पाठवावा.

बिलात काय असावे

निर्धन रुग्णाला खाट, निवासी डॉक्टरांची सेवा, शुश्रूषा, रुग्णालय देत असल्यास जेवण, चादरी, वीज, पाणी आणि उपचारासाठी लागणाऱ्या नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लावता येत नाहीत. उरलेल्या सेवांचे बिल रुग्णालयाच्या सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने करायचे आणि औषधे, इतर साहित्य व इम्प्लांट (शरीरात बसवायची उपकरणे) यांची किंमत रुग्णालयाने ज्या दराने खरेदी केली तीच धरायची, छापील किंमत नाही. ही रक्कम आयपीएफमधून वळती होते. डॉक्टरांनी निर्धन रुग्णाकडून आपले शुल्क घ्यायचे नसते.

दुर्बल घटकातील रुग्णाला हेच सवलतीचे दर मिळतात, मात्र औषधे, साहित्य आणि इम्प्लांट यांच्या खरेदी किमतीपैकी किमान निम्मी रक्कम त्याने भरायची असते. समजा, स्टेंटसह हे सर्व खरेदीच्या दराने 60 हजार रुपयांचे झाले, तर निदान 30 हजारांची तयारी कुटुंबाने ठेवली पाहिजे. याच टप्प्यावर बाहेरची मदत खऱ्या अर्थाने कामी येते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, हे त्या योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारावे. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तेथे आहे. मुख्यमंत्री सहायता निधी, टाटा ट्रस्टसारखे जुने न्यास आणि सिद्धिविनायक मंदिराचा न्यासही रुग्णांना अर्थसाहाय्य देतात. नेमकी उरलेली रक्कम दाखवणारा कागद हाती असला, की दात्यालाही निर्णय घेणे सोपे जाते.

तातडीच्या वेळी

अपघात किंवा हृदयविकाराचा झटका अशा प्रसंगी कागद गोळा करण्यास वेळ नसतो आणि योजनेला तो अपेक्षितही नाही. धर्मादाय रुग्णालयाने तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून घेतले पाहिजे, प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार दिले पाहिजेत आणि त्यासाठी डिपॉझिट मागता कामा नये. नंतर गरज पडल्यास सार्वजनिक रुग्णालयात हलवण्याची व्यवस्थाही त्यानेच करायची आहे. एप्रिल 2025 मध्ये पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयाने गर्भवती महिलेकडे आगाऊ रक्कम मागितल्याचा आरोप झाला, तिच्या मृत्यूनंतर शहरात संताप उसळला, आणि हा नियम पुष्कळांना तेव्हा प्रथमच कळला. अशा वेळी एका नातेवाइकाने रुग्णासोबत राहावे आणि दुसऱ्याने ड्यूटीवरील वैद्यकीय अधिकाऱ्याला ‘तातडीचा रुग्ण आहे, डिपॉझिट मागता येत नाही’ असे शांतपणे, पण साक्षीदारासमोर सांगावे.

नकार मिळाल्यास

नेहमीची दोन उत्तरे म्हणजे ‘खाट रिकामी नाही’ आणि ‘फंड संपला’. दोन्ही खरी असू शकतात. म्हणूनच ती लेखी मागायची असतात. नकाराचा कागद किंवा अर्जाची पोच आणि संकेतस्थळावरील रिकाम्या खाटांचे ते छायाचित्र घेऊन धर्मादाय कार्यालय गाठावे. मुख्य कार्यालय मुंबईत वरळीला आहे, आणि पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, कोल्हापूर व लातूर येथे सहआयुक्तांची कार्यालये आहेत. योजनेच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारी समितीही याच यंत्रणेशी जोडलेली आहे. तेथील निरीक्षकाने रुग्णालयाला केलेला एक फोन पुष्कळदा पुरतो. मंत्रालयातही धर्मादाय रुग्णालयांसाठी मदत कक्ष आहे.

वस्तीतील मंडळे, महिला बचतगट किंवा कामगार संघटना यांना आणखी एक काम करता येईल. रुग्णालये आपल्या आयपीएफचा आणि उपचार केलेल्या रुग्णांचा तपशील धर्मादाय कार्यालयाला देत असतात, आणि ते कार्यालय माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. 10 रुपयांच्या अर्जावर आपल्या भागातील रुग्णालयाने गेल्या वर्षभरात या निधीत किती जमा केले, किती खर्च केले आणि किती निर्धन रुग्णांना दाखल केले, असे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर देण्याची मुदत 30 दिवसांची आहे. रुग्णांची नावे मागू नयेत, आकडेच पुरेसे आहेत. आलेले उत्तर त्या रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकाला नेऊन दाखवावे आणि मंडळाच्या फलकावरही लावावे.