क्लास नसताना फ्रेंच न् आयरिश: अपडाऊनवाल्याचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, आयर्लंडला नोकरी करायची म्हणून आयरिश शिकणार असाल तर राहू द्या, तिथं कामधंदा इंग्रजीतच चालतो, २०२२ च्या जनगणनेत शाळाकॉलेजाबाहेर रोज आयरिश बोलणारे जेमतेम बहात्तर हजार निघाले. ती हौसेनेच शिकायची भाषा. फ्रेंचच्या सर्टिफिकेटला मात्र किंमत आहे, म्हणून माझं मत, आधी फ्रेंच ए-टू लेव्हलपर्यंत (ए-वनच्या पुढची, म्हणजे सुरुवातीचीच दुसरी पायरी) न्या मग आयरिशला हात घाला, दोन्ही एकदम सुरू केल्या की एकही धड होत नाही.

मी अमळनेर-जळगाव अपडाऊन करतो, सगळा अभ्यास गाडीत इयरफोन लावून. फ्रेंचसाठी टीव्ही-फाइव्ह-माँद या फ्रेंच चॅनलची शिकायची साइट फुकट आहे, लेव्हलप्रमाणे छोटे व्हिडिओ आणि त्यावर प्रश्न, नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. नंतर आरएफआय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र, त्याचा मजकूरपण साइटवर मिळतो. आधी मजकूर न बघता ऐकायचं, डोक्यावरून गेलं तर जाऊ द्यायचं, मग मजकूर समोर धरून, मग परत नुसतं. अमळनेर सुटल्यावर लावलं की धरणगावपर्यंत दोनदा तरी होतंच.

ऐकण्यावर एवढा जोर का, तर फ्रेंच स्पेलिंग फसवतं. 'तो बोलतो' आणि 'ते बोलतात' लिहायला वेगळं, कानाला दोन्ही 'ईल पार्ल'. नाकातले स्वर आपल्याला फार जड जात नाहीत, पण त्यांचा 'तू' म्हणताना ओठ उ चे आणि जीभ ई ची ठेवावी लागते, आरशासमोर करा, घरचे हसतील, हसू द्या. ९७ ला ते चार विसा, दहा, सात म्हणतात. आमची आजी विसा-विसानेच मोजायची, तिला हे माझ्याआधी पटलं!

फ्रेंचच्या सर्टिफिकेटची परीक्षा डेल्फ, केंद्रं पुण्या-मुंबईच्या आलियाँस फ्रान्सेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत. चार भाग प्रत्येकी २५ मार्कांचे, पासला ५०, पण एकाही भागात ५ च्या खाली गेलात की नापास. सर्टिफिकेटला एक्सपायरी नाही. कॅनडाच्या पीआरसाठी (तिथं कायम राहायच्या परवान्यासाठी) मात्र डेल्फ चालत नाही, टीईएफ किंवा टीसीएफ कॅनडा द्यावी लागते, फी भरायच्या आधी हे बघून घ्या.

आता आयरिश. ड्युओलिंगोवर २०१४ पासून कोर्स आहे, शब्दांसाठी ठीक, पण खरी गोम त्याने नीट कळत नाही. गोम अशी की शब्दाचं पहिलं अक्षरच बदलतं. 'ब्यान' म्हणजे बाई, पण 'ती बाई' म्हणायचं तर 'अन व्यान', याला शेवू म्हणतात. दुसरा प्रकार उरू, त्यात नवीन अक्षर जुन्याच्या पुढे येऊन बसतं. कॉर्क शहराचं नाव 'कॉरकी', कॉर्कमध्ये म्हटलं की 'इ गॉरकी', लिहिताना ग आणि क दोन्ही, बोलताना फक्त ग. डिक्शनरीत शोधताना तो ग सोडून क खाली बघायचं, नाहीतर शब्द सापडतच नाही.

डिक्शनरी म्हणजे टॅंगलन नावाची साइट, फुकट, शब्दाला कॉनाक्ट, मन्स्टर, अल्स्टर अशा तीन बोलींतला आवाज. एकच बोली धरा. यावलची लेवा बोली आणि साक्रीकडची अहिराणी कोणी एकदम शिकायला बसलं तर त्याचं जे होईल तेच होतं. अख्खं वाक्य ऐकायचं असेल तर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचं अबर आहे, टाइप करा, बोली निवडा, ते वाचून दाखवतं.

आयरिश व्यंजनं जाड आणि बारीक अशी दोन तऱ्हेची, रोमन लिपीत ते शेजारच्या स्वरावरून ओळखावं लागतं, मी वहीत देवनागरीत बारीकला सरळ य जोडतो आणि काम भागतं. फ्रेंचला हे करू नका, त्यांचा र न् तो उ आपल्या अक्षरांत बसत नाही. आणि आयरिशचं व्याकरण इंग्रजीतून समजून घेऊच नका, 'माझ्याकडे पुस्तक आहे' हे आयरिशमध्येही असंच 'आहे' वापरून होतं, 'आलास का?' ला 'आलो' हेच उत्तर, हो-नाही नाही. फक्त क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला टाकायची सवय लावा.

कानासाठी रेडिओ ना गेलताख्ता हे आयरिश भाषेतलं रेडिओ स्टेशन, १९७२ पासून चालू आहे, नेटवर लाइव्ह लागतं, पण सुरुवातीला फार फास्ट वाटेल. त्यापेक्षा टीजी-फोर या आयरिश भाषेतल्या टीव्ही चॅनलचे हवामानाचे अंदाज बघा, तेच ते शब्द रोज येतात, पाऊस तर सुटतच नाही.