उंच लेलँडाय हेजची छाटणी कशी करावी

इंग्लंडमध्ये जुनं घर घेतलं की त्याबरोबर बऱ्याचदा लेलँडायची हेजही, म्हणजे या सदाहरित झाडाचं दाट कुंपण, पदरात पडते. आधीच्या मालकाने शेजाऱ्याच्या खिडकीला आडोसा म्हणून लावलेली असते आणि ती आवरायचं काम आपल्या गळ्यात येतं. १८८८ साली वेल्समधल्या लेटन हॉलच्या बागेत सायप्रस या सूचिपर्णी झाडाच्या दोन जातींचा आपसूक संकर होऊन हे झाड जन्माला आलं. जोमात असेल तर वर्षाला पाऊण-एक मीटर वाढतं. दोन वर्षं दुर्लक्ष केलं की शिडीही अपुरी पडते.

कात्री हातात घेण्याआधी एक फांदी बाजूला सारून आत बघा. बाहेर वीतभर हिरवा पाला आणि आत सगळं तपकिरी, कोरडं दिसेल. त्या तपकिरी लाकडातून लेलँडायला पुन्हा फूट येत नाही. आपल्याकडे मेंदीचं कुंपण बुंध्याजवळ छाटलं तरी पावसाळ्यात भरून येतं. तीच सवय इथे वापरली की उघडी पडलेली बाजू कायमची उघडीच राहते. म्हणून दर वेळी फक्त हिरवा भाग कापायचा. थोडं-थोडं, पण नेमाने. एप्रिलपासून ऑगस्टअखेरपर्यंत दोनदा तरी हात फिरवावा. त्यानंतर छाटलं तर कोवळी फूट थंडीत करपते.

नेमका हाच काळ पक्ष्यांच्या घरट्यांचाही असतो. १९८१च्या वन्यजीव कायद्याने वापरातलं घरटं मोडणं गुन्हा आहे. आधी आत डोकावून पाहा आणि घरटं दिसलं तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.

छाटणी बाजूंपासून सुरू करा. खालून वर जायचं, म्हणजे कापलेला पाला खाली गळत राहतो आणि पुढचं नीट दिसतं. हेज खाली रुंद आणि वर किंचित निमुळती ठेवा. अगदी सरळ भिंतीसारखी ठेवली तर खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि त्या वाळतात. वरच्या कडेसाठी दोन काठ्यांना दोरी ताणून बांधा. नजरेच्या अंदाजाने कापलेली कड हमखास एका बाजूला उतरते, हे स्वानुभवाने सांगतो.

उंची कमी करायची असेल तर एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. हे काम एप्रिलच्या आसपास करावं. शेंड्याचं जाड लाकूड छाटणीच्या करवतीने, हव्या असलेल्या उंचीच्या साधारण १५ सेंमी खाली कापा. कापलेला खुंट तपकिरीच राहतो, पण आजूबाजूच्या हिरव्या फांद्या वर येऊन तो झाकतात. नवी हेज असेल तर बाजू दुसऱ्या वर्षापासूनच हलक्या छाटायला लागा. शेंडा मात्र हवी ती उंची येईपर्यंत वाढू द्या.

किती उंच ठेवायची? दोन मीटरच्या आसपास ठेवलेली बरी. इंग्लंडमध्ये २००५पासून त्याहून उंच सदाहरित हेजमुळे शेजाऱ्याचा उजेड अडत असेल, तर तो कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, तक्रार करू शकतो आणि कौन्सिल उंची कमी करायला लावू शकते. त्याआधी शेजाऱ्याशी चहावर बोलणं केव्हाही स्वस्त पडतं.

खालच्या भागात तपकिरी चट्टे आणि फांद्यांवर काजळीसारखा थर दिसला तर सायप्रसवरच्या मावा या किडीचा संशय घ्या. मेलेल्या फांद्या काढून टाका आणि शेजारच्या हिरव्या फांद्या ओढून बांबूला बांधा. भोक बुजायला काही वर्षं लागतात.

विजेची कात्री असेल तर शॉक लागताच वीज तोडणाऱ्या प्लगवरच जोडा आणि वायर खांद्यावरून मागे सोडा. चीक काहींच्या त्वचेला खाजतो, म्हणून लांब बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला. मऊ गवतात साधी शिडी डुगडुगते, तिथे तीन पायांची बागकामाची शिडी बरी. तिच्यावरूनही हात पुरत नसेल, तर हेज कापणाऱ्या माणसाला बोलवा.