अ‍ॅप पटकन उघडायला हवं? मग ते सारखं बंद करू नका

अँड्रॉइड फोन जड झाला की रिसेंट्स (नुकत्याच वापरलेल्या अ‍ॅप्सची यादी) उघडून सगळी अ‍ॅप्स सरकवून टाकायची, ही सवय आधी सोडा. अ‍ॅप नुसतं मागे ठेवलं तर ते मेमरीत राहतं आणि परत उघडताच होतं तिथून समोर येतं. सरकवून टाकलं की बहुतेक वेळा सगळं पहिल्यापासून: प्रोसेस सुरू होणार, कोड लोड होणार, मग कुठे पहिला स्क्रीन. गूगलच्या निकषांत अशी थंड सुरुवात ५ सेकंदांवर गेली की ती फार संथ धरतात. मागे तयार असलेल्या अ‍ॅपसाठी हीच मर्यादा १.५ सेकंद आहे. मेमरी कमी पडली तर अँड्रॉइड स्वतःच जुनी अ‍ॅप्स काढतं.

अडकलेल्या अ‍ॅपची गोष्ट वेगळी. आयकॉन दाबून धरा, 'अ‍ॅप इन्फो'त जाऊन 'फोर्स स्टॉप' करा. तरी उघडेना, तर स्टोरेजमध्ये 'क्लिअर कॅशे' (कॅशे म्हणजे अ‍ॅपने साठवलेल्या तात्पुरत्या फाइल्स). शेजारचं 'क्लिअर डेटा' (काही फोनमध्ये 'क्लिअर स्टोरेज') मात्र कृपया घाईत दाबू नका. लॉगिन तर जातंच, पण बॅकअप नसलेल्या नोंदीही कायमच्या जातात. कॅशे रोज साफ करण्यातही फायदा नाही, अ‍ॅपला ती पुन्हा भरत बसावी लागते.