दोन वर्षांचं ग्रीन कार्ड आलंय?
अमेरिकी नागरिकाशी लग्न झालं, पण ग्रीन कार्ड मिळालं त्या दिवशी लग्नाला २ वर्षं झाली नसतील, तर ते कार्ड सशर्त असतं, २ वर्षांपुरतंच. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोनं मिळून आय-७५१ (कार्डावरची अट काढून टाकण्याचा) अर्ज भरायचा. नुसता लग्नाचा अल्बम पुरत नाही. संसार एकत्र चाललाय हे कागदांवर दिसायला हवं. म्हणून पहिल्या महिन्यापासूनच घराचा करार, बँक खातं, विमा दोघांच्या नावावर ठेवा, टॅक्स रिटर्नही एकत्र भरा.

आणि तिकडे लग्न होऊन गेलेल्या आपल्या मुलींना हे आवर्जून सांगा: घटस्फोट झाला असेल किंवा घरात छळ होत असेल, तर नवऱ्याच्या सहीशिवाय एकटीनं हा अर्ज करता येतो. त्यासाठी ९० दिवसांची मुदत सुरू होण्याची वाटही पाहावी लागत नाही.