एरर नाणी: पैसे मोजण्याआधी या चुका टाळा

सहा वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी पाच रुपयांचं एक नाणं एरर, म्हणजे टांकसाळीत पाडताना चूक झालेलं, म्हणून बाराशेला घेतलं. दोन्ही बाजूंना छापाच! अशोकस्तंभ इकडूनही आणि तिकडूनही. विकणारा म्हणाला, "साहेब, टांकसाळीतून असं एखादंच सुटतं." घरी येऊन दहापट भिंगाखाली धरलं, तर एका बाजूला कडेच्या आतून केसाएवढी बारीक गोल रेघ दिसली. फरशीवर टाकून पाहिलं, तर खणखणायच्या ऐवजी बद्द आवाज आला. लेथवर एक नाणं आतून कोरायचं, दुसऱ्याचा छापा तासून त्यात बसवायचा, असं ते जादूगारांचं नाणं होतं.

माझं चुकलं कुठे? मी दुर्मीळ किती हे विचारलं, पण हे झालं कसं हे विचारलंच नाही. खरा एरर टांकसाळीतल्या कुठल्यातरी टप्प्यावरच होतो. पत्र्यातून चकत्या पाडतात, त्या तापवून मऊ करतात, मशीनमध्ये फिरवून त्यांची कड उचलतात आणि मग गोल कड्यात बसवून दोन साच्यांमध्ये दाबतात. हातातली गडबड यातल्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर झाली हे सांगता येत नसेल, तर पाकीट खिशातच राहू द्या.

टांकसाळीची खूण म्हणजे एरर नव्हे

सर्वांत जास्त फसगत इथे होते. सालाखाली ठिपका दिसला की "डॉट एरर" म्हणून जाहिरात तयार! अहो, तो नोएडाच्या टांकसाळीचा ठिपका आहे. मुंबईची खूण पत्त्यांतली चौकट, हैदराबादची चांदणी, आणि कोलकात्याची खूणच नसते. मग "खूण गायब" म्हणून तेही विकलं जातं. १९८५ च्या रुपयावर सालाखाली इंग्रजी एच असेल, तर ते नाणं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला पाडलेलं आहे. देशात नाण्यांची टंचाई असली की सरकार बाहेरून नाणी पाडून घ्यायचं, त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या काही रुपयांवर मेक्सिकोची खूणही सापडते. संग्रहात ही नाणी जरूर ठेवा, पण त्यात चूक कुणाचीच नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याचंही तसंच. ते २०१२ चं स्मारक नाणं आहे. जाहिरातींतले त्याचे दहा लाख देणारा कुणी भेटला, तर माझाही नंबर लावा.

नुकसान झालेलं नाणं एरर म्हणून घेणं

लहानपणी आम्ही रेल्वेच्या रुळावर नाणी ठेवून चपटी करायचो. आज तीच "ब्रॉडस्ट्राइक" म्हणून विकायला येतात. खऱ्या ब्रॉडस्ट्राइकमध्ये चकती कड्याबाहेर दाबली गेल्यामुळे पसरते, पण नक्षी जागच्या जागी आणि ठसठशीत राहते. रुळावरच्या नाण्याची नक्षीच लोळलेली असते.

कड कापल्यासारखी दिसणारी "क्लिप" नाणी जरा वेळ घेऊन बघा. पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही की पुढची चकती आधीच्या भोकावर चढते आणि तिचा चंद्रकोरीएवढा तुकडा कमी पडतो. ही कोर कानशीनेही करता येते. मग ओळखायचं कसं? कोरीच्या बरोबर समोरची कड बघा. कड उचलणाऱ्या मशीनमध्ये चकतीला समोरून आधारच मिळालेला नसतो, म्हणून खऱ्या क्लिपमध्ये समोरची कड बहुतेक वेळा फिकी, दबलेली असते. शिवाय कोरीजवळची अक्षरं हळूहळू विरत जातात. कानस मारली असेल, तर अक्षर मध्येच तुटतं आणि भिंगाखाली समांतर ओरखडे दिसतात.

ब्रॉकेज, म्हणजे बाजारात ज्याला "लखी" म्हणतात, त्याची नक्कल व्हाइसमध्ये, म्हणजे वर्कशॉपमधल्या शिकंज्यात दाबून, होते. खऱ्या लखीत आधीचं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर तेच साचा बनून उमटतं. म्हणून एक बाजू व्यवस्थित, आणि दुसऱ्या बाजूला तीच नक्षी उलटी, खोल गेलेली. दोन तयार नाणी दाबून केलेल्या बनावट तुकड्यात खोल नक्षीखाली मूळ नक्षीचे अवशेष राहतात आणि पाठीमागची बाजू चेपलेली असते.

वजन न करणं

०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनारी काटा ठेवाच. २०११ ते २०१८ च्या मालिकेत रुपया ३.७९ ग्रॅमचा, दोन रुपये ४.८५ चे, पाच रुपये ६ चे आणि दहा ७.७१ चे आहेत. दोनचा छाप आणि वजन ३.७९ भरलं, तर तो रुपयाच्या चकतीवर पडला असण्याची शक्यता आहे. तेव्हा पुढे तपासायला हरकत नाही. पण वजन ४.३ भरलं, नक्षी सगळीकडे सारखीच पुसट असली, तर नाणं ॲसिडात बुडवलेलं असणार. "तांब्याचा रुपया" कुणी दाखवला, तर खिशातून चुंबक काढा. चिकटला तर आत नेहमीचंच स्टील आहे, वरून तांब्याचा मुलामा.

जाहिरातीतला आकडा म्हणजे किंमत नव्हे

मागितलेली किंमत कोणीही कितीही लिहू शकतो. लिलावात ते नाणं खरोखर कितीला गेलं तो आकडा बघा. छाप जरासा सरकलेलं नाणं सहज मिळतं, त्याचं फार कौतुक नको. निम्मा छाप बाहेर गेलाय आणि तरी साल व टांकसाळीची खूण दिसतेय, त्याला मात्र गिऱ्हाईक असतं. साच्याला तडा गेल्याने उठलेली रेघ किंवा साच्यात ग्रीस भरून पुसट आलेला आकडा शिकायला उत्तम, पण त्याला भाव फारसा नाही.

फिरलेला साचा, म्हणजे एक बाजू दुसरीच्या मानाने तिरकी पडलेलं नाणं, घरच्या घरी तपासता येतो. आपली नाणी पुस्तकाचं पान उलटावं तशी फिरवली की मागची बाजू सरळच दिसते. ती पाच-दहा अंश तिरकी असेल, तर सोडून द्या. ९० किंवा १८० अंश फिरलेली असेल, तर ठेवा.

आणि विकताना "आधी नोंदणी शुल्क भरा, रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागते" असा फोन आला, तर फोन तिथेच ठेवून द्या. अशा व्यवहारात आपण नाही आणि कुणालाही शुल्क किंवा कमिशन घ्यायचा अधिकार दिलेला नाही, असं रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं.

चकचकीत करणं

चिंच-मीठ देवाच्या भांड्यांसाठी ठेवा. घासलेलं नाणं जाणकार लगेच ओळखतो आणि भाव पाडतो. स्वस्तातल्या मऊ पीव्हीसी पाकिटात ठेवलं, तर काही वर्षांत हिरवट चिकटा धरतो. पुठ्ठ्याच्या चौकटी वापरा.

ते दोन छाप्यांचं नाणं अजून माझ्याकडेच आहे, म्हणजे खरं तर भाच्याकडे. सोसायटीच्या क्रिकेटला टॉस तोच उडवतो, आणि मागतोही छापाच.